साखर आपोआप उतरली म्हणून आम्ही खूश होतो, आणि आता क्रिएटिनिन २.१

वाळवंटीकाठ, साखळी

माझे बाबा ६७ वर्षांचे आहेत. खाणीवर टिपर चालवायचे. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हापासून घरीच असतात. मधुमेह २००८ पासून, रोज मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड घेतात. सकाळी दहाला उकड्या तांदळाची पेज, तोंडी लावायला लोणचे नाहीतर भाजलेले खारे (सुके मासे), दुपारी शीत-हुमण, म्हणजे भात आणि माशाची आमटी. यात वर्षानुवर्षे फरक नाही.

उपाशीपोटीची साखर कधी १८० च्या खाली यायची नाही. यंदा शिगमा झाला आणि ती आपोआप उतरायला लागली. १३०, मग ११०, मग ९५. गोळ्या त्याच, जेवण तेच. नवीन एवढेच की शेजारच्या काकांच्या सांगण्यावरून बाबा रोज सकाळी अर्धा ग्लास बिंबलांचा (हुमणात घालतात त्या आंबट फळांचा) रस पिऊ लागले होते. आम्हाला वाटले रसाचाच गुण. आईने देवळात नारळ ठेवला. मग दोनदा पहाटे त्यांना दरदरून घाम सुटला, हात कापायला लागले. दुसऱ्या वेळी मशीनवर ५८ दिसले. साखरपाणी दिल्यावर सावरले.

डॉक्टरांनी सगळे तपासले. क्रिएटिनिन (किडनी थकली की रक्तात वाढतो तो आकडा) २.१, ईजीएफआर (किडनीची गाळण्याची ताकद, ती घटली की हा उतरतो) ३४, हिमोग्लोबिन ९.८, लघवीत अल्ब्युमिन हे प्रथिन तीन प्लस. किडनीच्या डॉक्टरांकडे जायला सांगितले आहे, पुढच्या सोमवारची तारीख मिळाली. काल रात्री जुन्या फायली काढून बसले. तीन वर्षांपूर्वी क्रिएटिनिन १.३ होते, दीड वर्षापूर्वी १.६. १.३ च्या कागदावर ते नॉर्मलमध्येच धरलेले आहे. १.६ च्या कागदावर लाल खूण आहे, पण त्या दिवशी आम्ही फक्त साखरेचा आकडा वाचून घरी आलो. मीच गेले होते बरोबर.

लघवी नेहमीसारखी होते, उलट रात्री चारदा उठतात. दुखत काही नाही. विचारले की एकच उत्तर, "म्हाका कितेंच जावंक ना," मला काहीच झालेले नाही. मग हे झाले कधी? एकही लक्षण कसे नाही? आणि आता पुढे डायलिसिसच का? कुणाच्या घरी असे झाले असेल तर कृपया सविस्तर लिहा.

डिचोलीकर

ताई, घाबरू नका. साखर कमी झाली हे चांगलेच ना? बिंबलांचा रस माझे आजोबाही घ्यायचे. भरपूर पाणी आणि रोज एक शहाळे द्या, किडनी धुऊन निघते. वयाप्रमाणे क्रिएटिनिन थोडे वाढतेच.

निवृत्त सिस्टर, फोंडा

डायलिसिस विभागात अकरा वर्षे काम केले आहे, म्हणून लिहिते. डिचोलीकर दादा, तुम्ही मनापासून लिहिलेत, पण यातले शहाळे आणि बिंबल दोन्ही या माणसाला धोक्याचे आहेत. कारण खाली सांगते.

वाळवंटीकाठ ताई, आधी आजचे काम. सोमवारची वाट न बघता आताच त्या डॉक्टरांना फोन करून ५८ चा आकडा आणि पहाटेचा घाम दोन्ही सांगा. ग्लिमेपिराइड कमी करायची की थांबवायची ते ते ठरवतील. ईजीएफआर ४५ च्या खाली आला की मेटफॉर्मिनचाही डोस कमी करतात आणि ३० च्या खाली ती बंदच करतात, तेही विचारा. तोपर्यंत पोटात काही नसताना ग्लिमेपिराइड देऊ नका. उशाशी साखर ठेवा.

आता साखर का उतरली ते. इन्सुलिनचे काम झाले की ते मोडून टाकण्याचा मोठा वाटा मूत्रपिंडे उचलतात. ती थकली की इन्सुलिन रक्तात जास्त वेळ रेंगाळते. ग्लिमेपिराइडसारख्या गोळीचा अंमलही लांबतो. शिवाय उपाशी असताना मूत्रपिंडे स्वतः थोडी साखर तयार करून रक्तात सोडतात, तीही कमी पडते. म्हणून औषध आणि जेवण तेच असताना जुन्या मधुमेह्याची साखर आपोआप सुधारली की आमच्या विभागात आम्ही आधी क्रिएटिनिन बघायचो. घरोघरी मात्र पेढे वाटलेले मी पाहिले आहेत. तुमच्या आईने नारळ ठेवला यात तिची काही चूक नाही, हे कुणी सांगितलेलेच नसते.

"झाले कधी" याचे उत्तर पंधरा वर्षांत पसरलेले आहे. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख बारीक गाळण्या असतात. साखर जास्त राहिली की सुरुवातीच्या वर्षांत त्या दमाने, वाजवीपेक्षा जास्त काम करतात, त्यामुळे रिपोर्ट उलट झकास दिसतो. मग गाळणीची जाळी सैल होते आणि अल्ब्युमिन झिरपू लागते. लघवीतल्या अल्ब्युमिन-क्रिएटिनिनचे गुणोत्तर ३० च्या आत असेल तर ठीक, ३० ते ३०० म्हणजे गळती सुरू झाली, ३०० च्या वर म्हणजे मोठी गळती. ३० ते ३०० चा हा टप्पा लघवीत बुडवायच्या साध्या पट्टीवर बहुतेक दिसतच नाही, आणि थोपवायला सर्वांत सोपा तोच असतो. पुढे लघवीला फेस येतो आणि तो बराच वेळ मोडत नाही. मग गाळण्या एकेक करून बुजतात आणि तेव्हा कुठे क्रिएटिनिन हलू लागते.

तुमच्या फायलीतले १.३ घ्या. बाबांचे तेव्हाचे वय धरले तर त्याचा ईजीएफआर ६१ च्या आसपास येतो. १.६ म्हणजे ४७. आता ३४. म्हणजे "नॉर्मल" लिहिलेल्या त्या कागदाच्या वेळीच बरीचशी ताकद गेलेली होती. क्रिएटिनिन हा आकडा सुरुवातीला फार सावकाश सरकतो, म्हणून तो एकटा बघायचा नसतो, वयाबरोबर बघायचा. लाल खूण तुम्हाला दिसली नाही याचे ओझे घेऊ नका. तो कागद त्या दिवशी तुमच्याशिवाय आणखीही कुणी वाचायला हवा होता.

लघवी भरपूर होते म्हणून मूत्रपिंड ठीक, हा समज मी शेकडो नातेवाइकांकडून ऐकला. निरोगी मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी गाळतात आणि त्यातले दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळे परत रक्तात घेतात. बिघाडात ही परत घेण्याची, लघवी घट्ट करण्याची ताकद आधी जाते. म्हणून माणूस रात्री चारदा उठतो. तुमच्या बाबांचे लक्षण तेच होते, पण वयाच्या नावावर खपले. हिमोग्लोबिन ९.८ हेही त्यातलेच असू शकते, कारण रक्त तयार करायला सांगणारे संप्रेरक मूत्रपिंडातून येते. लोहाची तपासणी मात्र मागा. अंगाला खाज, सकाळची मळमळ, तोंडाला धातूची चव, पायावर सूज, धाप ही लक्षणे खूप उशिरा येतात.

बिंबलाकडे येते. हुमणात दोन-चार बिंबले पडतात ती गोष्ट वेगळी. ग्लासभर रसात ऑक्झॅलेट प्रचंड असते, त्याचे स्फटिक मूत्रपिंडाच्या नळ्यांत अडकतात. कोलेस्टेरॉल उतरावे म्हणून हा रस पिऊन मूत्रपिंडे अचानक बंद पडलेले रुग्ण केरळात नोंदले गेले आहेत. तुमच्याकडे रसामुळे किती नुकसान झाले हे इथून सांगता येणार नाही, पण किती दिवस आणि किती प्यायले ते लिहून न्या. रस बंद केल्यावर थोडे सुधारण्याची शक्यताही असते. त्याच कुळातले करंबळ, ताऱ्यासारखे पाच कडांचे, तेही घरात आणू नका. मूत्रपिंड कमजोर असताना ते खाल्ले तर न थांबणारी उचकी लागते, मग भ्रम, झटके. शहाळ्यात पोटॅशियम खूप असते आणि ते साचले तर हृदय थांबू शकते. "लो सोडियम" म्हणून मिळणाऱ्या मिठातही पोटॅशियमच असते. सोमवारपर्यंत पोटॅशियमचा रिपोर्ट करून घ्या, मग काय खायचे ते डॉक्टर सांगतील. मीठ मात्र आजपासून कमी करा. खारे आणि लोणचे सुटले तरी अर्धे काम होते. पेज चालू द्या.

एक विचारते. बाबा टिपर चालवायचे म्हणता, तर कंबर किंवा गुडघे दुखतात का? फार्मसीतून दुखण्यावरची, मूत्रपिंडाला बाधणारी गोळी आणतात का? डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, असले काही? घरातला गोळ्यांचा डबा एकदा उलटा करून बघा.

डायलिसिसच का? नाही. ३४ म्हणजे तिसऱ्या टप्प्याचा खालचा अर्धा भाग. पाचवा टप्पा १५ च्या खाली सुरू होतो. या टप्प्यावरचे बरेच लोक डायलिसिसपर्यंत पोहोचत नाहीत, त्यांना जास्त धोका हृदयाचा असतो, म्हणून रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल तितक्याच काटेकोरपणे बघतात. टेल्मिसार्टनसारख्या रक्तदाबाच्या गोळ्या गाळणीवरचा दाब उतरवतात. त्या सुरू केल्यावर क्रिएटिनिन सुरुवातीला थोडे वाढते. ३० टक्क्यांपर्यंतची वाढ अपेक्षित धरतात, घाबरून गोळी सोडू नका, एक-दोन आठवड्यांत रक्त मात्र तपासा. दुसरी डॅपाग्लिफ्लोझिन, ही मधुमेहाची गोळी. मी नोकरीला लागले तेव्हा हे औषध नव्हते. भारतात तिचे पेटंट संपले आणि ती स्वस्त झाली. बाबांना चालेल का, हे सोमवारी स्वतःहून विचारा. डोळ्यांचा पडदाही तपासून घ्या. मधुमेहाने मूत्रपिंड गेले असेल तर पडद्यावरही बहुधा खुणा दिसतात, आणि त्या नसतील तर डॉक्टर दुसरे कारण शोधतात.

आणि एक बारीक गोष्ट, जी रुग्णाला कुणी वेळेवर सांगत नाही. बाबा उजव्या हाताने काम करत असतील तर यापुढे रक्त काढायला डावा हात देऊ नका, उजव्या हाताच्या पाठीवरची शीर पुढे करा. कधीकाळी फिस्टुला (डायलिसिससाठी हातातल्या शिरेची करतात ती जोडणी) लागलाच तर डाव्या हाताच्या शिरा शाबूत हव्यात.

हे सगळे इतके लांबवले त्याला कारण आहे. एकदा रात्री दोनला एका गृहस्थांना आणले, बसूनही श्वास घेता येत नव्हता, क्रिएटिनिन ११. वीस वर्षांचा मधुमेह, साखरेचे कागद वहीत ओळीने चिकटवलेले. लघवीची ती तपासणी वीस वर्षांत एकदाही झालेली नव्हती. त्यांच्या मुलाने तीच वही माझ्या हातात दिली होती. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) देशभरच्या पाहणीत मधुमेहाचे प्रमाण सर्वांत जास्त गोव्यात निघाले, २६.४ टक्के. देशाचे ११.४ आहे. आपल्याकडे प्रत्येक वाड्यावर अशी वही आहे.

काणकोणकर

सिस्टरांनी लिहिले त्यात आमच्याकडची दुसरी बाजू जोडतो. माझ्या थोरल्या भावाला मधुमेह नव्हता, रक्तदाब नव्हता. वय ४६, माडावर चढणारा माणूस. पहिले लक्षण काय, तर बांगड्याच्या हुमणाचा वास आला की ताटावरून उठायचा. वहिनीला वाटले पित्त. दोन महिन्यांनी सोनोग्राफीत दोन्ही मूत्रपिंडे आकसलेली निघाली. लघवीत प्रथिने अगदी थोडी होती. आमच्या तालुक्यात असे रुग्ण बऱ्याच वर्षांपासून आढळतात, पाण्यापासून सगळ्यावर संशय घेऊन झाला. डॉक्टरांनी आम्हाला समजावले ते असे की या प्रकारात गाळणीपेक्षा नळ्या आणि भोवतालचा भाग आधी खराब होतो, म्हणून फेस नाही, सूज नाही, काहीच नाही. मधुमेहात मूत्रपिंडाचा आकार बराच काळ टिकतो, दादाचे आधीच बारीक झाले होते.

आता आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. सरकारी योजनेत होते, पैसे पडत नाहीत, पण दिवस जातो. माड सुटले. ताई, तुमच्या हातात अजून ३४ आहे. दादाचे आम्हाला कळले तेव्हा ८ होते.

वाळवंटीकाठ, साखळी

सिस्टर, काल तुमचे वाचून लगेच फोन केला. ग्लिमेपिराइड बंद झाली, मेटफॉर्मिन निम्मी. बिंबलांच्या रसाची बाटली मी ओतली. बाबा काही बोलले नाहीत, फक्त शेजारच्या काकांना वाईट वाटू नये असे सांग म्हणाले.

गोळ्यांचा डबा उलटा केला. तळाशी डायक्लोफेनॅकच्या सात रिकाम्या पट्ट्या, आठवीत दोन गोळ्या शिल्लक. गुडघ्यासाठी. खाण बंद झाल्यावर काही महिन्यांनी सुरू केल्या म्हणतात, "जेव्हा दुखेल तेव्हाच." आईलाही माहीत नव्हते. सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून सोमवारी नेते. लघवी फेसाळते का हेही विचारले. म्हणाले, दोन वर्षे तरी होते आहे, साबणाचे असेल असे वाटायचे.

काणकोणकर दादा, तुमच्या भावाला नमस्कार सांगा.

डिचोलीकर

सिस्टर, शहाळ्याचे मी मागे घेतो. माझ्या आईला बारा वर्षांचा मधुमेह आहे, गुणोत्तराची ही तपासणी कधी केलेली नाही. उद्या सकाळी लघवी द्यायला नेतो. पहिल्या धारेची चालते का?

निवृत्त सिस्टर, फोंडा

सकाळची पहिली लघवी चालते, पण सुरुवातीची धार सोडून मधली घ्या. ताप असेल किंवा लघवीला जळजळ असेल तर थांबा, आकडा खोटा वाढतो. वाढीव आला तर एकदाच्या रिपोर्टवर शिक्का मारत नाहीत, तीन महिन्यांत पुन्हा करतात.

ताई, पोटॅशियम किती आले ते कळवा.