वस्तीचं जातिवाचक नाव बदललं, पण कागदावरून जाईना – मदत हवी आहे

गाव कळंब तालुक्यातलं, जि. धाराशिव. जातिवाचक वस्ती-नावं बदलण्याच्या शासनाच्या डिसेंबर २०२० च्या निर्णयानुसार ग्रामसभेत 'समता नगर' असा ठराव झाला. प्रत गटविकास अधिकारी (बीडीओ) व समाजकल्याण विभागाकडे दिली, पोच आहे. पाटी बदलली, ग्रामपंचायतीच्या घरपट्टी नोंदवहीत (नमुना ८) नवं नाव चढलं.

अडलंय ते मतदार यादी आणि वीजबिलावर. तहसीलमध्ये सांगतात, प्रत्येकाने मतदार यादीतल्या दुरुस्तीचा फॉर्म ८ भरावा. पण तो एकेका मतदाराच्या नोंदीसाठी. यादीत आमच्या वस्तीचा जो विभाग आहे, त्याच्या शीर्षकात जुनं नाव तसंच राहतं. वस्ती शंभरावर उंबऱ्यांची, निम्मी ऊसतोडीला गेलेली, म्हणून घरटी अर्ज जमणार नाहीत.

मोठी काळजी पोरांची. दाखल्यावर जुनं नाव, रहिवासी पुराव्यावर नवं. जात पडताळणीत ही तफावत काढली तर? 'जुनं उर्फ नवं' लिहिणं हा उपाय नको, त्यात तेच नाव पुन्हा जिवंत राहतं.

ज्यांच्याकडे हे पूर्ण झालंय त्यांनी सांगा: विभागाचं शीर्षक बदलायला मतदार नोंदणी अधिकाऱ्याला ग्रामपंचायतीचं एकच पत्र चाललं का? आणि दोन्ही नावं एकाच वस्तीची, असा पडताळणी समितीने मान्य केलेला दाखला नेमका कोणाच्या सहीचा होता, ग्रामसेवकाच्या, बीडीओंच्या की तहसीलदारांच्या?