एकत्र कुटुंबात मूल आपोआप सुरक्षित नसतं

पडवी: 'वाडे मोडले, फ्लॅट आले, म्हणून मुलांवर अत्याचार वाढले' ही कालची पोस्ट वाचून राहवलं नाही. घरात दहा माणसं म्हणजे दहा राखणदार, हे कुणी ठरवलं? केंद्र सरकारच्या 2007 च्या अभ्यासात 13 राज्यांतली 12,447 मुलं होती. लैंगिक अत्याचार करणाऱ्यांत निम्मे मुलाच्या ओळखीचे किंवा विश्वासातले निघाले आणि बहुतेक मुलांनी कुणाला सांगितलंच नव्हतं. गणपतीत चाकरमानी आले की माजघरात, माळ्यावर पोरं एका रांगेत झोपतात. कोण कुठे झोपलं हे आईने विचारलं तर 'तुझ्या मनात येतंच कसं?' म्हणून तिचंच तोंड बंद करतात. अत्याचार करणारा माणूस आधी खाऊ देतो, मग मोबाईल, मग 'हे आपलं गुपित', आणि शेवटी 'सांगितलंस तर तुझ्या आईला घराबाहेर काढतील'. सगळं घरच्यांसमोर चालतं, कारण तो लाडका काका असतो.

कातळ: एकत्र कुटुंबाला झोडपणं सोपं आहे. बाप ट्रॉलरवर, आई काजू कारखान्यात, अशा घरात आजी नसेल तर पोर कुणाच्या हवाली? मूल एकटं पडणं हाच मोठा धोका आहे. शिवाय चिरेखाणींवर, आंब्याच्या बागांत कोण कुठून येतं याची नोंद नसते, ते कुणी बोलत नाही.

खाजण: बागा राखायला येणाऱ्या नेपाळ्यांवर घसरू नका, चीड येते. पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या, नोंदींत 90 टक्क्यांहून अधिक आरोपी ओळखीचे असतात. उलट त्या राखणदारांचीच मुलं जास्त उघड्यावर आहेत. आईबाप दोघं कामावर, खोपटाला कडी नाही, भाषा वेगळी, शाळेच्या पटावर नाव नाही. आणि अपंग मुलांचं काय? त्यांच्यावर हिंसा होण्याची शक्यता इतर मुलांच्या 3.7 पट, असं 2012 च्या जागतिक आढाव्यात आलं. ज्याला आंघोळ दुसरा घालतो, ज्याला बोलता येत नाही, ते मूल सांगणार कसं?

भावकी: एवढं लिहिलंत, पण पोलीस-कोर्टात पोराची फरफट होते ते कुठे आहे? गावकी बसवून त्या माणसाला वाडीबाहेर काढलं तर पोराचं नाव तरी झाकलेलं राहतं.

पडवी: गावकीत 'मिटवलं' की तो शिमग्यात पालखीला खांदा देतो आणि पोरीची शाळा सोडवून तिला मुंबईला मावशीकडे धाडतात. वाडीबाहेर काढलंच, तर तो पुढच्या गावात नवी मुलं शोधतो. पोक्सोत आपसात तडजोड चालत नाही. कलम 19 प्रमाणे ज्याला कळलं त्याने कळवायचं, नाहीतर कलम 21 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद. बैठकीला बसलेले सगळे त्यात येतात. नाव झाकायला कलम 23 आहेच.

भावकी: आणि गणवेशातला पोलीस दारात उभा राहिला की अख्ख्या वाडीला कळतं, ते?

खाजण: कलम 24 वाचा. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला हवा तिथे, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, गणवेश न घालता. रात्री मुलाला ठाण्यात ठेवता येत नाही. 24 तासांत बालकल्याण समितीला (मुलांच्या काळजी-संरक्षणाचे निर्णय घेणारी सरकारी समिती) कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. फरफट घरापासूनच सुरू होते. आई विचारते, मग आत्या, मग शिक्षक, आणि दरवेळी जबाब थोडा बदलतो. वकील नेमकं तेच धरतो. एकाच माणसाने ऐकायचं, 'मग काय झालं?' एवढंच विचारायचं, मुलाचे शब्द जसेच्या तसे तारखेनिशी लिहून ठेवायचे. घटना ताजी असेल तर आंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका. ते वाळवून कागदी पिशवीत ठेवा, प्लॅस्टिकमध्ये ओल धरून पुरावा सडतो. 72 तासांच्या आत दवाखाना गाठा, एचआयव्ही रोखणारं औषध त्यानंतर देत नाहीत. उपचाराआधी एफआयआर मागता येत नाही, खासगी दवाखान्यालाही नाही.

भावकी: कायद्यात आहे, मान्य. पण तालुक्याला महिला अधिकारी हजर नसली की कुटुंब ताटकळतं, हेही लिहा. लोक गावकीकडे उगाच वळत नाहीत.

खाजण: ते खरं आहे. म्हणूनच आधी 1098 या मुलांच्या मदत क्रमांकाला फोन करा, म्हणजे ठाण्यात जाताना घरचे एकटे नसतात.

कातळ: आजीबद्दल मी मागे हटणार नाही.

पडवी: आजी हवीच. पण 'तो घरातला कर्ता, त्याच्यावर असलं बोलू नये' म्हणणारी आजी पोराला वाचवत नाही. धोका कुठे वाढतो बघा: जिथे दारू आहे, आईला मार आहे, घर आणि पैसा त्याच माणसाच्या हाती आहे. तिथे आई बघूनही गप्प राहते, कारण उद्या चूल कशी पेटणार हे तिला माहीत नसतं. तिला भित्री म्हणण्याआधी एवढं सांगा की अन्न-प्रवासाच्या तातडीच्या खर्चाची शिफारस बालकल्याण समिती करते आणि विशेष न्यायालय खटला संपण्याआधी अंतरिम भरपाई देऊ शकतं. पहिल्याच भेटीत लेखी अर्ज द्यायचा, पोच घ्यायची.