केव्हीएमचा मेनू दिसतो, पण बटण दाबलं की ढिम्म

काटेवाला_७२

मंडळी, एका सहकारी साखर कारखान्याचा कॉम्प्युटर विभाग माझ्याकडे आहे. विभाग म्हणजे मी, एक अप्रेंटिस पोरगा आणि मळीच्या वासाची एक खोली. रॅकमध्ये सात सर्व्हर आहेत: वजनकाटा, शेती खात्याची ऊसनोंद, पगार, स्टोअर वगैरे. सगळ्यांना मिळून सोळा पोर्टचा एक नेटवर्क केव्हीएम (एकाच स्क्रीन, की-बोर्ड आणि माउसवरून, किंवा नेटवर्कवरून, सगळे सर्व्हर चालवायचा डबा), बऱ्याच वर्षांपूर्वी एका ठेकेदाराने बसवलेला.

गेल्या हंगामात रात्री अडीचला काट्याचा सर्व्हर अडकला. बाहेर गेटपर्यंत ट्रॅक्टर आणि बैलगाड्या. काटा बंद म्हटलं की गाडीवान सुरुवातच आईवरून करतो. मी घरून २८ किलोमीटर गाडी मारत गेलो, तर स्क्रीनवर एक एरर आणि खाली ‘ओके’. एंटर दाबला, काटा सुरू. परत २८ किलोमीटर. तेव्हाच ठरवलं, पुढच्या हंगामाआधी हा केव्हीएम घरून चालवायचा.

आता बघतो तर राउटरवर आधीच बाहेरून ४४३ पोर्ट (वेब पानांचा दरवाजा) थेट केव्हीएमवर सोडलेला! ठेकेदाराने स्वतःच्या सोयीसाठी केलं असणार. तो मी त्याच दिवशी बंद केला. ॲडमिनचा पासवर्ड कुणाकडेच नाही, आणि ठेकेदार फोन उचलत नाही.

मागच्या बाजूला ‘सेटअप’ लिहिलेलं आरजे-४५ सॉकेट आहे. बॉक्समध्ये त्याची मूळ केबल आणि नऊ पिनांचा अडॅप्टर सापडला. यूएसबी-सिरियल लावून लिनक्सच्या लॅपटॉपवर मिनिकॉम (सिरियल तारेवरून बोलायचा प्रोग्रॅम) उघडलं: ९६००, आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट. केव्हीएम बंद-चालू केल्यावर मेनू छान उमटतो, नेटवर्क, सिक्युरिटी, फर्मवेअर, फॅक्टरी डीफॉल्ट असे आकडे घातलेले. पण १ दाबा, एंटर दाबा, काही करा, ढिम्म. केबल खराब म्हणावी तर मेनू येतोय कसा?

बॉयलर पेटायला तीन आठवडे आहेत. मेनू चालू झालाच तर आधी कशाला हात लावायचा तेही सांगा.

रोलओव्हर

मेनू येतोय म्हणजे त्याचं बोलणं तुम्हाला ऐकू येतंय, तुमचं त्याच्यापर्यंत जात नाही. दहातल्या नऊ वेळा हा फ्लो कंट्रोलचा घोळ असतो. मिनिकॉम मूळ सेटिंगमध्ये हार्डवेअर फ्लो कंट्रोल चालू धरून बसतं. म्हणजे समोरून सीटीएसच्या तारेवर ‘पाठव’ असा इशारा आल्याशिवाय ते एक अक्षर सोडत नाही. तुमच्या केबलमध्ये बहुधा पाठवणं, घेणं आणि ग्राउंड एवढ्या तीनच तारा आहेत. इशारा यायचा कुठून?

कंट्रोल-ए, मग ओ, सिरियल पोर्ट सेटअप, आणि एफ दाबून हार्डवेअर फ्लो कंट्रोल ‘नो’ करा. सॉफ्टवेअरवालाही ‘नो’च असू द्या.

तरी नाही झालं तर अडॅप्टर केव्हीएमपासून सोडवा आणि यूएसबीकडच्या नऊ पिनांतल्या २ आणि ३ तारेच्या तुकड्याने जोडा. आता टाइप केलेलं अक्षर स्क्रीनवर परत आलं तर तुमची बाजू ठणठणीत, दोष पुढे. नाही आलं तर यूएसबीचा तुकडा बदला. मी एकदा हे न करता तीन केबली कापून नव्याने क्रिम्प केल्या होत्या. आणि राउटरसोबत येणारी निळी चपटी केबल इथे चालेलच असं धरू नका, आरजे-४५ मधली पिनांची मांडणी प्रत्येक कंपनीची वेगळी.

काटेवाला_७२

एफ दाबला आणि १ लगेच घेतला! दोन दिवस मी केबलला शिव्या घालत होतो.

आत गेलो. पत्ता डीएचसीपीवर (राउटर आपोआप देईल तो) आहे, टेलनेट (पासवर्डही उघडा पाठवणारं जुनं लॉगिन) चालू, एसएनएमपी (दुरून डब्याची हालहवाल विचारायची सोय) चालू. हे बदलून सेव्ह केलं की ‘रीबूट आवश्यक’ म्हणतोय. दिवसा केलं तर सर्व्हर बंद पडतील का? ऊसनोंदीवर शेती खात्याची माणसं बसलेली असतात.

जुना_पॅचपॅनेल

सर्व्हर बंद पडत नाहीत. केव्हीएम त्यांच्या फक्त डोळ्याला आणि हाताला धरून असतो. मिनिटभर स्क्रीन-की-बोर्ड जाईल, कामावरच्यांना कळणारही नाही. तरी पहिल्या वेळी जेवणाच्या सुट्टीत करा, कारण एखादा जुना सर्व्हर माउस परत ओळखायला खळखळ करतो.

आता क्रम. फॅक्टरी डीफॉल्टकडे बोट नेण्याआधी कोणत्या पोर्टला कोणता सर्व्हर हे कागदावर लिहून घ्या, ती नावंही पुसली जातात. मेनूत नुसता ॲडमिन पासवर्ड बदलायची सोय असेल तर तेवढंच करा. मग स्थिर पत्ता द्या. डीएचसीपीवर ठेवलात तर ज्या रात्री गरज पडेल त्याच रात्री पत्ता बदललेला असेल. टेलनेट बंद, साधं एचटीटीपी बंद. एसएनएमपी वापरत नसाल तर तेही बंद. वापरत असाल तर ‘पब्लिक’ हा त्याचा मूळ परवलीचा शब्द तरी बदला, तो जगाला पाठ आहे.

ठेकेदाराचं खातं काढून टाका. प्रत्येकाला स्वतःचं खातं द्या, अप्रेंटिसला फक्त त्याला लागणारे पोर्ट. व्हर्च्युअल मीडिया नावाची सोय असेल तर एरवी बंद ठेवा. तिच्यातून दूर बसलेला माणूस आपल्या लॅपटॉपवरची सीडी-इमेज तुमच्या सर्व्हरला लावून त्यावरून बूट करू शकतो. मग विंडोजचा पासवर्ड कितीही भक्कम असो.

आणि तुम्ही नुसती केबल लावून आत शिरलात ना? पासवर्ड विचारला का? नाही. म्हणजे रॅकपर्यंत पोचणारा कुणीही तेच करू शकतो. सिरियल मेनूला स्वतःचा पासवर्ड लावायचा पर्याय बहुतेक ‘सिक्युरिटी’खाली असतो. तो लावा, पण विसरू नका. काही डब्यांत तो हरवला की कंपनीकडे पाठवण्यावाचून गत्यंतर नाही.

आता एकच प्रश्न. केव्हीएममधून पगाराच्या पोर्टवर गेल्यावर काय दिसतं? लॉगिनची पाटी, की उघडा डेस्कटॉप?

काटेवाला_७२

दादा, लाज वाटते सांगायला. उघडा डेस्कटॉप. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून लॉगिन, आणि टास्कबारवर एक एक्सेल उघडी, जे साहेब निवृत्त होऊन दीड वर्ष झालं त्यांची.

जुना_पॅचपॅनेल

वाटलंच. केव्हीएमची खिडकी बंद केली म्हणजे सर्व्हरमधून लॉगआउट झालो असं सगळ्यांना वाटतं. तुम्ही फक्त दुर्बीण खाली ठेवलेली असते. बाहेरून ४४३ उघडा, आणि आत हे. सातही सर्व्हरवर, दहा मिनिटं हात लागला नाही की स्क्रीन लॉक होईल असं लावा, आणि केव्हीएमचा सेशन टाइमआउट वेगळा लावा.

राउटरची जुनी नोंद शिल्लक असेल तर आजच बाहेर काढून ठेवा. सर्ट-इनच्या (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे अशी घुसखोरी लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते, आणि लॉग १८० दिवस ठेवावे लागतात. केव्हीएमच्या पोटात फार थोड्या नोंदी मावतात, म्हणून त्याचा सिसलॉग (नोंदींची वही) दुसऱ्या मशीनवर पाठवा. घड्याळही बघा. त्याच निर्देशांत वेळ एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या सर्व्हरशी जुळवायला सांगितली आहे.

काटेवाला_७२

घड्याळात १ जानेवारी २००० होतं! आतला सेल गेलाय. नोंदींत अनोळखी लॉगिन असेल तरी तारखेवरून कळायचं कसं? राउटरची नोंदही जेमतेम नऊ दिवसांची मिळाली. त्यात ४४३ वर धडका भरपूर आहेत, आत कुणी शिरल्याचं मला तरी दिसत नाही. ती फाइल पेनड्राइव्हवर ठेवली आहे. ही गोष्ट साहेबांच्या कानावर घालताना घाम फुटला.

बाकी सगळं केलं. आता एकच अडचण. ब्राउझर केव्हीएमचं पान उघडायलाच तयार नाही, आणि पडदा दाखवायला ते जावा मागतं.

रोलओव्हर

डबा टीएलएस १.० (वेब पानं सुरक्षित पाठवायची जुनी पद्धत) बोलत असणार. मोठ्या ब्राउझरनी ते २०२० मध्ये सोडलं, आणि जावा वेब स्टार्ट जावा ११ पासूनच गेलं. आधी कंपनीच्या साइटवर नवं फर्मवेअर (डब्याच्या आतलं सॉफ्टवेअर) बघा. टाकताना यूपीएसवरच टाका, मधे वीज गेली तर डब्याची वीट होते. फर्मवेअर नसेल तर एक जुनाट पीसी घ्या, त्यावर जुना ब्राउझर आणि जुनं जावा, आणि तो पीसी आणि केव्हीएम दोघंच एका वेगळ्या व्हीलॅनमध्ये (त्याच स्विचवरचं स्वतंत्र नेटवर्क) टाका. त्या पीसीला इंटरनेट द्यायचं नाही. घरून वायरगार्ड या व्हीपीएनने यायचं, फक्त त्या पीसीवर उतरायचं, तिथून केव्हीएम. राउटरवर बाहेरून वायरगार्डचा एक यूडीपी पोर्ट सोडून काहीही उघडं नको, ४४३ तर नकोच.

जमलं तर पुढच्या बजेटमध्ये नवा डबा मागा. रास्पबेरी पायवर चालणारं पायकेव्हीएम मी घरी वापरतो, त्यात दोन टप्प्यांचं लॉगिनही लावता येतं. पण तिथेही मूळ पासवर्ड ॲडमिनचा ‘ॲडमिन’ आणि रूटचा ‘रूट’ असाच येतो. पहिल्या पाच मिनिटांत बदलला नाही तर तुमचा ठेकेदार आणि तुम्ही सारखेच.

काटेवाला_७२

काल रात्री घरून काट्याचा पडदा उघडला. माउस अर्धा सेकंद मागून येतो, पण एंटर दाबायला पुरे.

सिरियल मेनूचा पासवर्ड कागदावर लिहून पाकिटात घातला, लाखेने बंद केला आणि चीफ अकाउंटंट साहेबांच्या तिजोरीत ठेवायला नेला. त्यांनी विचारलं, यात काय आहे? मी म्हटलं, समजा काटाच आहे. त्यांनी चष्मा लावला आणि रजिस्टरमध्ये नोंद केली: ‘पाकीट नग १, काटा.’