5जी आलं तरी वायफाय वाढतंच आहे, आणि सहा गिगाहर्ट्झचा पट्टा वायफायला पूर्ण मोकळा व्हायला हवा

सातपूर_नेटवर्कवाला
मी नाशिकच्या अंबड-सातपूर एमआयडीसीत कारखान्यांना वायफाय बसवून देतो. 5जी आलं, आता वायफायचा धंदा बसणार असं ज्याच्या त्याच्या तोंडून ऐकतोय, पण मला रोज उलटंच दिसतं. आधी ऑफिसात एक राउटर असायचा, मालक आणि अकाउंटवाल्यापुरता. आता गोडाऊनमधले बारकोड स्कॅनर, मशीनवरचे सेन्सर, कॅमेरे, गेटवरचं हजेरीचं मशीन, सगळं वायफायवर आलंय, आणि यातल्या प्रत्येकात सिमकार्ड घालून दर महिन्याला रिचार्ज मारणं कुठल्याच छोट्या कारखानदाराला परवडणार नाही.

वाढीचं मूळ कारण माझ्या मते एकच, इथे कुणाला विचारावं लागत नाही. वायफाय ज्या रेडिओ लहरींवर चालतं त्यातला २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे २००५ मध्ये परवानामुक्त झाला, ५ गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा २०१८ मध्ये. मोबाइल कंपन्यांना त्यांच्या लहरींसाठी लिलावात हजारो कोटी मोजावे लागतात, आपण दुकानातून डबा आणला की झालं. मग सहा गिगाहर्ट्झला हात आखडता का? अमेरिकेनं २०२० मध्येच १२०० मेगाहर्ट्झ खुले केले. आपल्याकडे मे २०२५ च्या सरकारी मसुद्यात या पट्ट्यातले खालचे ५०० मेगाहर्ट्झ फक्त.

पंचवटीकर
दादा, कारखान्याचं पटलं, पण सगळा पट्टा फुकट द्या म्हणणं अजिबात पटत नाही. सिंहस्थात रामकुंडावर लाखो लोक उघड्यावर उभे असतात, हरवलेल्या माणसाला शोधायला फोन लागला पाहिजे, तिथे तुमचा राउटर काय करणार? त्याच मसुद्यात सहा गिगाहर्ट्झची कमी ताकदीची उपकरणं इमारतीच्या आतच वापरा म्हटलंय, बाहेर चालेल ती अगदीच कमी ताकदीची. घाटावर टॉवरच लागणार, आणि टॉवरला स्पेक्ट्रम, म्हणजे लहरींचा पट्टा, लागतोच. वरचे ७०० मेगाहर्ट्झ मोबाइललाच राहू द्यावेत.

आणि फुकट वायफायचं काय होतं ते बघितलंय की आपण. गुगलनं २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलपासून रेल्वे स्टेशनांवर सुरू केलं, २०२० मध्ये आवरतं घेतलं, कारण त्यांनीच सांगितलं, भारतात मोबाइल डेटा स्वस्त झाला.

कॉलेजरोड_फ्लॅट
कुणाला विचारावं लागत नाही म्हणताय ना, गोंधळ त्यामुळेच आहे. आमच्या बिल्डिंगमध्ये फोनवर वायफायची यादी उघडली तर संपतच नाही. २.४ च्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल, म्हणजे राउटरचे वेगळे रस्ते, तीनच, १, ६ आणि ११, आणि घरटी एक राउटर. रात्री सगळे घरी आले की मुलीचा ऑनलाइन क्लास अडकतो, प्लॅन १०० एमबीपीएसचा असून. कंपनीवाला येतो, स्पीड दाखवतो, सगळं ओके म्हणून निघून जातो. राउटरचा खप वाढला म्हणजे लोकांचं नेट सुधारलं असं नाही हो.

सातपूर_नेटवर्कवाला
ताई, तुमचं उदाहरण तर माझ्याच बाजूचं आहे. गर्दी झालीय म्हणूनच नवी जागा मागतोय. तोपर्यंत एवढं करा, टीव्ही आणि कॉम्प्युटर वायरवर घ्या, क्लासचा लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर टाका आणि राउटर टीव्हीमागच्या कपाटातून बाहेर काढून हॉलच्या मध्यावर उंच ठेवा. राउटरच्या सेटिंगमध्ये २.४ ची चॅनल रुंदी ४० मेगाहर्ट्झवर असेल तर २० करा, शेजाऱ्यांचाही त्रास कमी होईल.

पंचवटीकर, घाटाचं तुमचं बरोबर, तिथे टॉवरच पाहिजे. पण तेवढ्यासाठी वर्षाचे बाराही महिने घराघरातली, दवाखान्यातली, शाळेतली जागा का अडवायची? घरी वायफाय असेल तर फोनचाही बराच डेटा त्यावरूनच जातो, मोबाइल कंपन्यांच्या टॉवरवरचा भार आपणच हलका करतो.

पिंपळगावचा_द्राक्षवाला
तुम्ही दोघं हवेतल्या जागेवरून भांडताय, आमच्याकडे जमिनीतली वायरच टिकत नाही. पॅकहाऊसच्या कोल्ड स्टोरेजला पफ पॅनल, म्हणजे मध्ये फोम आणि दोन्ही बाजूंना पत्रा, आत फोनची रेंज शून्य, म्हणून वायफाय बसवलं आणि ते चांगलं चाललं, पेट्यांचे लेबल स्कॅन होऊन लगेच कॉम्प्युटरला दिसतात. पण ऐन हंगामात रस्त्याच्या कामात जेसीबीनं फायबर तोडली की कंटेनर दारात उभा आणि कागदपत्रं पाठवायला माणूस गच्चीवर फोन घेऊन. वायफायची सहावी पिढी आणा नाहीतर सातवी आणा, मागची केबल तुटली की तो नुसता डबा आहे. २०२० ला सरकारची सार्वजनिक वायफायची पीएम-वाणी आली, किराणा दुकानदारसुद्धा परवान्याशिवाय वायफाय विकू शकतो, योजना मला मनापासून आवडली, पण त्या दुकानदारालाही मागून धड लाइन लागतेच ना.

पंचवटीकर
हेच म्हणतोय मी. केबल तुटली तेव्हा भाऊंचं काम गच्चीवरच्या मोबाइलनंच केलं.

पिंपळगावचा_द्राक्षवाला
केलं, पण कोल्ड स्टोरेजच्या आत नाही केलं. मला दोन्ही लागतात. सातपूरवाले दादा, केबल तुटली की आपोआप 5जीवर जाणारा राउटर तुमच्याकडे बसवून मिळतो का? ऑक्टोबर छाटणी उरकली की या एकदा इकडे.

सातपूर_नेटवर्कवाला
मिळतो. येताना बाहेर लावायचा अँटेनाही आणतो, पत्र्याच्या आत 5जी पकडणार नाही.