पिवळा दिवा, उद्याचं बेळगाव आणि बी विंगचा डबा

आमची सोसायटी, फोंडा (फक्त सोसायटीचे विषय)
बुधवार

ए-१०३ वहिनी, सायं. ७:३८
नमस्कार मंडळी. गाडीत स्टिअरिंगसमोर पिवळा दिवा लागलाय, इंजिनाचं चित्र असलेला. ढवळीहून येताना लागला. चढावर गाडी धडधडायला लागली, ओढेना, तेव्हा तो लुकलुकायला लागला. उद्या पहाटे सहाला मुलीला हॉस्टेलवर सोडायला बेळगावला निघायचंय, अनमोडमार्गे. हे बोटीवर, फोन लागत नाही. यातलं कुणाला कळत असेल तर कृपया लवकर सांगा.

सी-३०३, ७:४०
वहिनी, तो चेक इंजिनचा दिवा. घाबरू नका. माझ्या गाडीत गेल्या वर्षीच्या चवथीपासून पेटलाय, गाडी मस्त पळते.

बी-३०२ काका, ७:४१
बॅटरीची मायनस वायर १० मिनिटं काढून ठेवा. परत लावा. दिवा जातो. खर्च शून्य.

ए-३०१, ७:४३
पेट्रोल कुठल्या पंपावर भरलं? आता सगळीकडे २० टक्के इथेनॉल आहे. २०२३नंतरच्या गाड्या त्यासाठी बनवल्यात, आपल्या जुन्या गाड्यांनी काय करायचं? मी पहिल्या दिवसापासून बोंबलतोय, कुणी ऐकत नाही.

ए-१०३ वहिनी, ७:४४
गाडी २०१७ची आहे, पेट्रोल. सोमवारी भरलं, नेहमीच्याच ठिकाणी.

सी-२०२, ७:४४
सोमवारी पाऊस किती होता! पंपाच्या टाकीत पाणी शिरलं असेल.

ए-३०१, ७:४६
तेच तर! इथेनॉल पाणी ओढून घेतं. सरकारने

सेक्रेटरी, ७:४६
सरकार नको. मागच्या वेळी दोघं ग्रुप सोडून गेले होते, आठवतंय ना? वहिनींना उत्तर द्या.

ए-२०४ सर, ७:४९
वहिनी, आत्ताच मेसेज पाहिला. आधी एवढंच सांगा: इंजिन चालू असताना दिवा स्थिर आहे की लुकलुकतोय?

ए-१०३ वहिनी, ७:५१
आत्ता चालू करून बघितली सर. उभ्या गाडीत स्थिर. अॅक्सिलेटर दिला की हादरते आणि दिवा लुकलुकतो. पेट्रोलचा वासही येतोय थोडा.

ए-२०४ सर, ७:५२
बंद करा. गेटबाहेरही काढू नका. मी शिकवणी संपवून ८:१५ला खाली येतो, बिघाडाचा कोड वाचणारा स्कॅनर आहे माझ्याकडे.

बी-३०२ काका, ७:५३
स्कॅनर वगैरे कशाला? मायनस वायर १० मिनिटं काढा. मी तीस वर्षं गाडी चालवतोय.

सी-३०३, ७:५४
सर, उगाच घाबरवू नका त्यांना. दिवा लागला म्हणून गाडी थांबवायची तर अर्धा फोंडा चालत जाईल 😄

ए-२०४ सर, ७:५८
घाबरवत नाही, पण आमच्या आयटीआयमध्ये पोरांना हे पहिल्या महिन्यात शिकवतो, म्हणून इथेही सविस्तर लिहितो. पिवळा दिवा स्थिर असेल, गाडी नीट ओढत असेल आणि टेंपरेचर ठीक असेल तर हळू चालवत गॅरेजला नेता येते. लुकलुकणारा दिवा वेगळा. त्याचा अर्थ मिसफायर: एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल जळतच नाही. ते कच्चं पेट्रोल धुराच्या नळीतून कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे धूर शुद्ध करणाऱ्या भागात, जातं आणि तिथे जळतं. कन्व्हर्टरच्या आत मधाच्या पोळ्यासारखी बारीक जाळी असते, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियमचा थर. एवढ्या उष्णतेने ती जाळी वितळते. आज एक तार किंवा प्लग बदलून भागलं असतं, तिथे उद्या अनमोड घाट चढून कन्व्हर्टरचा खर्च अंगावर येईल. आणि मोलेच्या पुढे जंगलात गाडी बंद पडली तर फोनलाही रेंज मिळायची नाही.

बी-१०२ ताई, ८:००
बाप रे. वहिनी, जाऊ नका हो.

सी-३०३, ८:०१
मग माझ्या गाडीचा कन्व्हर्टर वर्षभरात वितळून गेला असेल सर?

ए-२०४ सर, ८:०३
तुमचा स्थिर आहे ना? मग कदाचित धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर बिघडला असेल, कदाचित आणखी काही. अंदाजाने सांगणार नाही. पण एक दिवा कायम पेटलेला असला की त्यावर नवा बिघाड आला तरी तुम्हाला कळणार नाही. म्हणूनच वर्षभर तसा ठेवायचा नसतो.

सी-३०३, ८:०४
👍 (वेळ मिळाला तर बघतो. आधी माझ्या जागेवर ए विंगची लाल स्कूटर कोण लावतं ते कळू दे.)

ए-२०१, ८:०५
स्कूटर माझी आहे. तुमची गाडी पिवळी रेघ सोडून माझ्या खांबाला टेकते त्याचं आधी बोला.

सेक्रेटरी, ८:०५
कृपया 🙏

बी-३०२ काका, ८:०७
माझा मेसेज कुणी वाचलाच नाही वाटतं. बॅटरीची मायनस वायर १० मिनिटं काढून ठेवा. परत लावा. दिवा जातो.

ए-२०४ सर, ८:०९
वाचला काका. दिवा जातो हे खरं, पण बिघाड जात नाही. कॉम्प्युटरने बिघाडाचा कोड साठवलेला असतो, आणि तो झाला त्या क्षणी इंजिनाचे फेरे किती होते, पाणी किती तापलं होतं, इंजिनवर भार किती होता, हेही. वायर काढली की ते सगळं पुसलं जातं. मेकॅनिककडे गेल्यावर तो म्हणणार, कोड नाही, मी काय शोधू? त्यात दोन-चार दिवस उभ्या गाडीत इंजिन (आयडलला) नीट चालत नाही. म्हणून आधी कोड वाचायचा, लिहून ठेवायचा, मग दुरुस्ती, आणि पुसायचा सगळ्यात शेवटी.

बी-३०२ काका, ८:१०
ठीक आहे. ज्याचा अनुभव त्याचा. माझ्या गाडीचा गेला होता.

सी-२०२, ८:११
सर, आमच्या नव्या स्कूटरला पण तसाच दिवा आहे. चावी फिरवली की लागतो. बिघाड?

ए-२०४ सर, ८:१२
चावी फिरवल्यावर काही सेकंद लागून विझतो ना? ते बरोबर आहे, बल्ब चालतोय याची खात्री. न लागला तर शंका घ्या. जुनी गाडी विकत घेताना हे नक्की बघा, काही लोक दिव्याची जोडणीच काढून टाकतात. आणि तेलाच्या किटलीचा लाल दिवा किंवा टेंपरेचरचा लाल दिवा लागला तर मात्र कुणाला विचारत बसू नका, कडेला घ्या आणि इंजिन बंद करा. खाली जातोय.

सेक्रेटरी, ८:२०
वहिनी, पार्किंगचा लाईट लावायला वॉचमनला सांगितलंय.

बी-१०२ ताई, ८:२१
तो लाईट महिनाभर बंद होता. बिघाड झाला की मगच लागतो.

सेक्रेटरी, ८:२२
ताई, वायरमनला तीन फोन केलेत. आता लागलाय ना.

ए-१०३ वहिनी, ८:४१
(फोटो)
(फोटो)
बघा हे. सरांनी बॉनेट उघडलं.

सी-३०३, ८:४२
अरे देवा. घरटं?

ए-२०४ सर, ८:४६
स्टिअरिंगखाली १६ पिनांचं सॉकेट असतं, भारतात २०१३पासूनच्या पेट्रोल-डिझेल गाड्यांना ते आहेच. तिथे स्कॅनर लावला. कोड आला पी-०३०२. शेवटचा आकडा सिलिंडरचा, म्हणजे दोन नंबरमध्ये मिसफायर. बॉनेट उघडलं तर इंजिनवर नारळाच्या काथ्याचं आणि प्लास्टिकच्या कपट्यांचं घरटं, आणि दोन नंबरच्या कॉईलला (प्लगला ठिणगीसाठी वीज देते ती) जाणाऱ्या तारेचं वरचं आवरण कुरतडून तांबं उघडं. उंदीर. बाहेर पाऊस, आत गरम आणि कोरडं, तो दुसरीकडे कशाला जाईल?

ए-३०१, ८:४७
म्हणजे पेट्रोल नाही?

ए-२०४ सर, ८:४९
पेट्रोल खराब असतं तर बहुतेक चारही सिलिंडरनी त्रास दिला असता. एकटा दोन नंबर का रुसेल? तार दिसली नसती तर मी दोन आणि तीनच्या कॉईलची अदलाबदल केली असती. कोड पी-०३०३ झाला तर कॉईल खराब. दोनवरच राहिला तर प्लग, पेट्रोल फवारणारा इंजेक्टर किंवा तार. इथे एवढं करायची गरजच पडली नाही.

सी-३०३, ८:५०
आता विषय निघालाच आहे तर बोलतो. उंदीर येतात कुठून? बी विंगच्या जिन्याखालचा डबा. चवथ झाली, सगळ्यांचं नुस्तं सुरू झालं, आणि माशांची खवलं, डोकी, सगळं उघड्या डब्यात. झाकण कधीचं गायब आहे.

बी-१०२ ताई, ८:५२
बी विंग म्हणजे आम्हीच ना? सरळ नाव घ्या की. आमच्या घरचा कचरा पिशवीत बांधून सकाळीच खाली जातो. सी विंगवाले रात्री जाताना आमच्या डब्यात टाकतात, मी स्वतः बघितलंय.

सी-३०३, ८:५३
मी कुणाचं नाव घेतलं नाही. तुम्ही स्वतःवर घेतलंत.

बी-१०२ ताई, ८:५३
(हा मेसेज डिलीट केला)

ए-२०१, ८:५४
ताई, वाचला मी. अगदी बरोबर लिहिलं होतंत.

सेक्रेटरी, ८:५६
सर्वांना नम्र विनंती. डब्याला झाकण लावायचा ठराव एप्रिलमध्ये झालाय. कोटेशन आलं होतं, मेंटेनन्स थकल्यामुळे थांबलंय. कुणाचा थकलाय ते इथे लिहीत नाही.

बी-३०२ काका, ८:५७
माझा भरलेला आहे. आणि वायर काढायला काही पैसे पडत नव्हते.

ए-१०३ वहिनी, ९:०२
माफ करा, पण मला उद्याचं कळू द्या. मुलगी रडायला आलीय, तिला ११पर्यंत कॉलेजमध्ये हजर व्हायचंय. सर म्हणतात, आज रात्री तात्पुरती टेप लावून घाट चढायचा नाही, तार नीट सोल्डर करून आवरण घालायला हवं.

सी-२०२, ९:०३
कदंब?

ए-१०३ वहिनी, ९:०४
दोन बॅगा, गादी, बादली. बसमध्ये कसं नेणार?

बी-१०२ ताई, ९:०९
वहिनी, आमचे हे उद्या पहाटे बेळगावला भाजी आणायला जातातच. मोठी गाडी आहे, मागची सीट पाडलेली. तुम्ही दोघी पुढे बसा, सामान मागे. साडेपाचला निघतात, म्हणजे अकराच्या आत आरामात पोहोचाल. गाडीचं इंजिनही आजच बघून घ्यायला सांगते, उंदीर आमच्याकडे पण आहेत.

ए-१०३ वहिनी, ९:१०
ताई 🙏🙏 देव बरें करूं. डिझेलचे पैसे देणार, नाही म्हणू नका.

बी-१०२ ताई, ९:११
नाही म्हणणारच. आणि कचऱ्याचं बोलणं अजून संपलेलं नाही, हे ज्यांना कळायचं त्यांना कळलं असेल.

ए-२०४ सर, ९:१४
वहिनी, तारेचे फोटो काढून ठेवा आणि दुरुस्तीआधी विमा कंपनीला एकदा विचारा. चावी माझ्याकडे ठेवा, उद्या कुर्टीच्या मेकॅनिकला मी स्वतः घेऊन येतो. बाकीच्यांना सांगणं: आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून बघा, निदान पाऊस संपेपर्यंत. चार दिवस उभी राहणारी गाडी असेल तर नक्की.

गुरुवार

ए-१०३ वहिनी, सकाळी १०:२०
पोहोचलो. अनमोडला धुकं होतं, भाऊंनी फार सांभाळून गाडी चालवली. मुलीला रूम मिळाली.

ए-२०४ सर, दुपारी १२:४५
तार जोडली, तिच्यावर आवरणाची नवी नळी घातली. प्लगही बघितला, कच्च्या पेट्रोलने ओला झाला होता, तो बदलला. मग कोड पुसला. फर्मागुढीचा चढ दोनदा चढवून आणली, दिवा नाही, धडधड नाही, स्कॅनरवर नवा कोड नाही. कन्व्हर्टर वाचलेला दिसतो. तरी पुढच्या आठवड्यात पुन्हा एकदा स्कॅनर लावू.

सी-३०३, १:०२
सर, शनिवारी माझ्या गाडीलाही स्कॅनर लावाल का? सायंकाळी घरी आहे.

ए-२०४ सर, १:०५
लावतो. तोवर बॅटरीची वायर काढू नका.

बी-३०२ काका, १:०६
हे कुणाला उद्देशून?

ए-१०३ वहिनी, १:१५
सर, तुमचे उपकार विसरणार नाही. मेकॅनिकचं बिल मी भरलं. सेक्रेटरी साहेब, रविवारी मीटिंग आहे ना? झाकणाचा ठराव एप्रिलचा, माझ्या गाडीची तार सप्टेंबरमध्ये कुरतडली गेली. मी येतेय, आणि बिल सोबत आणतेय.

सेक्रेटरी, १:३१
जरूर या वहिनी. झाकण, उंदीर अडवायची जाळी आणि थकबाकी, तिन्ही विषय अजेंड्यावर घेतलेत. रविवारी १०:३०, टेरेसवर. पाऊस असेल तर पार्किंगमध्ये.

ए-२०१, १:३३
पार्किंगमध्ये बसायचं तर सी-३०३ने गाडी रेघेच्या आत लावावी.