एडवर्ड कार्सन : कायद्याचा माणूस की कायदा धाब्यावर बसवणारा?

चर्चाप्रस्ताव

लोकमान्य टिळकांनी, त्यांच्यावर पुस्तकातून आरोप करणारे ब्रिटिश पत्रकार व्हॅलेंटाइन चिरोल यांच्यावर लंडनमध्ये भरलेला बदनामीचा दावा आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. पण १९१९ च्या आरंभी न्या. डार्लिंग यांच्यासमोर टिळकांची उलटतपासणी घेणारे चिरोलचे वकील सर एडवर्ड कार्सन कोण होते, हे आपण क्वचितच पाहतो. टिळकांना चिथावणीखोर ठरवणे हेच कार्सन यांचे काम होते आणि त्यासाठी टिळकांना १८९७ व १९०८ मध्ये झालेल्या शिक्षा त्यांच्या हाताशी होत्या.

हेच कार्सन २८ सप्टेंबर १९१२ रोजी बेलफास्टच्या नगरभवनात आयर्लंडच्या उत्तरेतील अल्स्टर प्रांताच्या प्रतिज्ञापत्रावर पहिली सही करणारे गृहस्थ. आयर्लंडला स्वतंत्र विधिमंडळ देण्याचा बेत ‘आवश्यक वाटतील ते सर्व मार्ग’ वापरून हाणून पाडू, अशी ती प्रतिज्ञा होती आणि तिच्यावर २ लाखांहून अधिक पुरुषांनी सह्या केल्या. पुढे सशस्त्र स्वयंसेवक दल उभे राहिले आणि एप्रिल १९१४ मध्ये जर्मनीतून आणलेल्या सुमारे २५ हजार बंदुका लार्न व आसपासच्या बंदरांत रातोरात उतरल्या. कार्सन यांच्यावर खटला झाला नाही. उलट मे १९१५ मध्ये ते इंग्लंडचे अॅटर्नी जनरल झाले. टिळकांनी लेख लिहिले म्हणून त्यांना ६ वर्षे मंडालेला पाठवणाऱ्या राजवटीने या माणसाला सरकारचा सर्वोच्च वकील नेमले. म्हणून माझे मत असे की, कार्सन यांना थोर कायदेपंडित म्हणणे ही इतिहासाची फसवणूक आहे.

प्रतिसाद (वकिलीच्या पेशातून)

आपला संताप मला समजतो, परंतु आपण दोन भिन्न गोष्टी एकत्र केल्या आहेत. समोर आलेले वकीलपत्र पक्षकार आवडत नाही म्हणून नाकारायचे नाही, ही इंग्रज बॅरिस्टरांची जुनी शिस्त आहे आणि तिचा लाभ टिळकांनाही मिळाला. त्यांच्या बाजूने उभे राहिलेले सर जॉन सायमन म्हणजे ज्यांच्या आयोगाला पुढे १९२८ मध्ये आपण ‘सायमन परत जा’ म्हणून काळे झेंडे दाखवले तेच. त्या आयोगावरून सायमन यांच्या १९१९ च्या वकिलीची किंमत ठरवणे जितके चूक, तितकेच अल्स्टरवरून कार्सन यांच्या वकिलीची किंमत ठरवणेही चूक आहे.

कार्सन यांचे मोठेपण पाहायचे तर आर्चर-शी प्रकरण पाहावे. ऑस्बर्नच्या नौदल शाळेतील १३ वर्षांच्या जॉर्ज आर्चर-शी या मुलावर १९०८ मध्ये ५ शिलिंगांची पोस्टल ऑर्डर चोरल्याचा आळ आला आणि त्याला शाळेतून काढून टाकण्यात आले. कार्सन यांनी मुलाला स्वतः खोदून खोदून प्रश्न विचारले, तो निर्दोष असल्याची खात्री करून घेतली आणि मग राजसत्तेविरुद्ध दाद मागता येईल अशी कायद्यातली वाट शोधून काढली. १९१० मध्ये सरकारला माघार घ्यावी लागली. एका पोराच्या अब्रूसाठी नौदल खात्याशी दोन वर्षे झुंजणाऱ्या माणसाला आपण कायदा धाब्यावर बसवणारा म्हणणार का?

प्रस्तावकाचे उत्तर

आर्चर-शी प्रकरणाबद्दल मला आदरच आहे आणि चिरोलची बाजू त्यांनी का घेतली, असे मी विचारलेलेच नाही. माझा आक्षेप मापदंडावर आहे. चिरोल यांच्या आरोपांत नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांच्या खुनाची जबाबदारीही टिळकांवर टाकलेली होती. तो खून डिसेंबर १९०९ मध्ये झाला, तेव्हा टिळक मंडालेच्या तुरुंगात होते. ताईमहाराज या विधवेच्या दत्तकविधानाच्या प्रकरणात तर साम्राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, म्हणजे प्रिव्ही कौन्सिलने, १९१५ मध्ये टिळकांच्याच बाजूने निकाल दिला होता. तरीही ज्यूरीने दावा फेटाळला. आपण ज्यांचा दाखला दिला ते सायमन १९१४ मध्ये अॅटर्नी जनरल होते, म्हणजे कार्सन यांच्यावर खटला न भरणाऱ्या सरकारचेच कायदेशीर सल्लागार. दोघेही हे जाणून त्या न्यायालयात समोरासमोर उभे होते, हे मला विसरता येत नाही.

आणखी एक उदाहरण देतो. १९१६ मध्ये जर्मन शस्त्रांच्या साहाय्याने आयरिश उठावाचा प्रयत्न करणाऱ्या रॉजर केसमेंट यांना फाशी झाली. त्यांच्यावरील खटला चालवणारे एफ. ई. स्मिथ हे अल्स्टरच्या लढ्यात कार्सन यांचे उजवे हात होते.

प्रतिसाद (इतिहासाचा अभ्यासक)

केसमेंट यांची तुलना मला मान्य नाही, कारण १९१६ मध्ये जर्मनीशी युद्ध चालू होते आणि १९१४ च्या एप्रिलमध्ये नव्हते. परंतु माझा मुख्य मुद्दा वेगळा आहे. अल्स्टरमधील प्रोटेस्टंटांची भीती बनावट नव्हती. डब्लिनमधील कॅथलिक बहुमताच्या हाती आपला धर्म आणि बेलफास्टचे उद्योग जातील असे त्यांना मनापासून वाटत होते, आणि कार्सन यांनी ती भीती शिस्तीत बांधली नसती तर रस्त्यावर दंगली झाल्या असत्या, असे मला वाटते. शिवाय १९२१ मध्ये फाळणीतून नव्याने बनलेल्या उत्तर आयर्लंडचे पंतप्रधानपद त्यांनी नाकारले आणि आपल्या अनुयायांना बजावले की, कॅथलिक अल्पसंख्याकांना प्रोटेस्टंट बहुमताची भीती वाटता कामा नये. केवळ सत्तेसाठी आग लावणारा माणूस असे बोलत नाही.

प्रस्तावकाचे दुसरे उत्तर

तो सल्ला मला ठाऊक आहे आणि तो प्रामाणिक होता, हेही मान्य करतो. पण बंदुका वाटून झाल्यावर दिलेला सल्ला कोण ऐकणार? कार्सन डब्लिनचे होते आणि त्यांना फाळणी नको होती. सगळा आयर्लंड ब्रिटनशी जोडलेला राहावा म्हणून त्यांनी अल्स्टरचे हत्यार उपसले. डिसेंबर १९२१ मध्ये उमराव सभेत त्यांनी स्वतःच सांगितले की, आपण मूर्ख ठरलो, कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाला सत्ता मिळवून देण्याच्या खेळात आपण, अल्स्टर आणि आयर्लंड केवळ बाहुले होतो. आपल्याला त्यांची वकिली मोठी वाटते आणि मलाही वाटते. पण ही कबुली देणारा माणूस स्वतःविरुद्धच सर्वांत कठोर साक्ष देऊन गेला आहे. १९३५ मध्ये बेलफास्टच्या सेंट अॅन कॅथीड्रलमध्ये त्यांचे दफन झाले तेव्हा शवपेटीवर उत्तर आयर्लंडच्या सहा परगण्यांची माती टाकली गेली. त्यांच्या जन्माचे डब्लिन त्या सहांत नव्हते.