चालता चालता बसणारी लॅब्रॅडॉर : स्टिरॉइडआधी कोणत्या तपासण्या कराव्यात?

प्रश्न (कोथरूडहून)
आमची सहा वर्षांची लॅब्रॅडॉर कुत्री वेताळ टेकडीचा चढ चढताना थोड्याच वेळात आखडल्यासारखी छोटी पावले टाकू लागते आणि बसते. विश्रांतीनंतर मात्र पुन्हा व्यवस्थित चालते. हल्ली खाल्लेले अन्न उमाळा न येता तसेच्या तसे तोंडावाटे बाहेर पडते. गोचीडतापाची तपासणी आणि कमरेचा एक्स-रे दोन्हींत दोष आढळला नाही. डॉक्टरांनी स्टिरॉइड सुचवले आहे. त्याआधी काही तपासावे का?

उत्तर १
अवश्य तपासावे. श्रमाने वाढणारा व विश्रांतीने ओसरणारा अशक्तपणा आणि उमाळ्याविना परतणारे अन्न ही लक्षणे एकत्र दिसली, की सर्वप्रथम मायस्थेनिया ग्रेव्हिसचा विचार करावा लागतो. या आजारात शरीराची प्रतिकारशक्तीच चेता आणि स्नायू यांच्या सांध्यावरील अॅसिटिलकोलीन या संदेशवाहक रसायनाच्या ग्राहकांविरुद्ध (ते टिपणाऱ्या रेणूंविरुद्ध) प्रतिपिंडे तयार करते, त्यामुळे चेतेकडून निघालेला संदेश स्नायूपर्यंत पुरेसा पोहोचत नाही. कुत्र्यांमध्ये रक्तातील या प्रतिपिंडांचे प्रमाण ०.६ नॅनोमोल प्रतिलिटरहून अधिक आढळल्यास निदान पक्के मानतात. स्टिरॉइडच्या मोठ्या मात्रा काही दिवस चालू राहिल्या की हे प्रमाण घटते, म्हणून नमुना आधी द्यावा. छातीचा एक्स-रेही काढून घ्या. त्यात फुगलेली अन्ननलिका आणि थायमस ग्रंथीची गाठ या दोन्हींचा शोध घेता येतो. त्याच रक्तातून सीके (क्रिएटिन कायनेज हे स्नायूंतील विकर), पोटॅशियम व थायरॉइडही पाहावे. सीके पुष्कळ वाढलेले असेल, तर संशय स्नायूंच्या दाहाकडे वळतो. मात्र नुकतेच स्नायूत इंजेक्शन दिले असेल, तर तेवढ्यानेही ते वाढते.

उत्तर २
लॅब्रॅडॉर असल्यामुळे डीएनएम१ या जनुकातील दोषाने श्रमानंतर कोसळण्याचा आनुवंशिक विकारही आठवला. पण तो बहुधा तरुण वयात, जोरदार खेळानंतर दिसू लागतो आणि अन्न परतण्याचा उलगडा त्याने होत नाही.

प्रश्नकर्ती
नमुना उद्याच देते. अहवाल येईपर्यंत जेवणाचे काय करावे?

उत्तर १
तिला पुढचे पाय उंच ठेवून उभ्या स्थितीत भरवा आणि नंतर दहा-पंधरा मिनिटे तसेच धरून ठेवा. खोकला, ताप किंवा धाप दिसल्यास अहवालाची वाट पाहू नका, कारण अन्न फुप्फुसात जाऊन होणारा न्यूमोनिया हाच या आजारातील मोठा धोका आहे. प्रतिजैविक देण्याची वेळ आली, तर या आजाराचा संशय असल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगा. जेंटामायसिनसारखी औषधे हा अशक्तपणा वाढवतात.